मराठी ब्लॉगचा वाचकवर्ग कसा वाढवावा? मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी परळला राहतो आणि गेली तीन वर्षे गिरणगावातील जुन्या चाळी, बाजार आणि खाद्यपदार्थ यांविषयी ब्लॉगरवर मराठीतून लिहितो. दर रविवारी एक लेख, हा नेम सहसा चुकलेला नाही. तरीही नियमित वाचक चाळीसच्या पुढे जात नाहीत, आणि त्यांतले निम्मे नातेवाईक आहेत.

अपवाद एकच. लालबागच्या मिरची गल्लीत वर्षभराचा मसाला कांडून घेण्यावर लिहिलेला लेख दर एप्रिल-मेमध्ये आपोआप वर येतो, आणि गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (लोक काय शोधून ब्लॉगवर येतात ते दाखवणारे साधन) पाहिले तर लोकांनी 'lalbaug masala' नव्हे, 'लालबाग मसाला प्रमाण' असे चक्क देवनागरीत शोधलेले दिसते. याउलट १९८२ च्या गिरणी संपावर महिनाभर खपून लिहिलेला लेख कोणी उघडलाही नाही. तेव्हा लोक जे शोधतात तेच लिहावे, की आपला विषय धरून वाट पाहावी?

दुसरी अडचण व्हॉट्सॲपची. तिथे लेख फिरतो, पण नाव आणि दुवा गाळून, त्यामुळे वाचक ब्लॉगपर्यंत पोहोचतच नाही. २०१३ मध्ये गूगल रीडर (अनेक ब्लॉगांचे नवे लेख एकाच जागी वाचायला देणारी सेवा) बंद झाल्यापासून फीडवरून, म्हणजे नव्या लेखांच्या अशा आपोआप येणाऱ्या यादीवरून, येणारे वाचकही आटले, असे जुने ब्लॉगर सांगतात. त्याऐवजी ईमेलवरून लेख पाठवण्याचा कोणाला उपयोग झाला आहे का? इतर ब्लॉगरांच्या लेखांवर मनापासून प्रतिक्रिया देऊन ओळख वाढते, हे मला पटते. मात्र नोकरी सांभाळून त्यासाठी आठवड्याला किती वेळ द्यावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.