भाषांतर न झालेली पाने शोधयंत्रापासून दूर कशी ठेवावीत? (बहुभाषिक संकेतस्थळ, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी सांभाळत असलेले एक माहितीपर संकेतस्थळ इंग्रजी, मराठी आणि हिंदी अशा तीन भाषांत चालते. मूळ लेखन इंग्रजीत होते आणि भाषांतराचे काम स्वयंसेवक सवडीने करतात, त्यामुळे बाकीचे दोन विभाग नेहमीच मागे असतात. अडचण अशी, की आमची कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम प्रत्येक नव्या लेखासाठी तिन्ही भाषांचे पत्ते आपोआप तयार करते आणि जिथे भाषांतर नसेल तिथे मूळ इंग्रजी मजकूरच दाखवते. वर ‘मुखपृष्ठ’ आणि ‘संपर्क’ असा मराठी मेनू, देवनागरी आकड्यांत तारीख, तळाशी ‘पुढील लेख’ आणि मध्ये सलग इंग्रजी मजकूर, असे ते पान दिसते.

याचा परिणाम आता शोधात जाणवू लागला आहे. सर्च कन्सोलमध्ये (आपली पाने गुगलच्या शोधात कशी दिसतात हे दाखवणारे गुगलचे साधन) काही मूळ इंग्रजी पाने डुप्लिकेट म्हणून बाजूला पडली असून, त्यांच्यासाठी गुगलने निवडलेले कॅनॉनिकल (एकसारख्या पानांपैकी शोधात दाखवायचा मुख्य पत्ता) म्हणून मराठी विभागातला पत्ता दिसतो. त्यामुळे इंग्रजीत शोधणारा वाचक मराठी मेनूच्या पानावर येऊन पोहोचतो, आणि मराठीत शोधणाऱ्याच्या हाती त्या पानातून काहीच लागत नाही.

गुगलच्या मार्गदर्शिकेनुसार एकाच पानाच्या वेगवेगळ्या भाषांतील आवृत्त्या डुप्लिकेट धरल्या जात नाहीत. मात्र मुख्य मजकूर भाषांतराविना तसाच राहिला असेल, तर त्या धरल्या जातात. शिवाय पानाची भाषा गुगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते, एचटीएमएलमधील भाषा नोंदवणाऱ्या लँग या गुणधर्मावरून किंवा पत्त्यावरून नाही. त्यामुळे २०११ पासून उपलब्ध असलेली एचरेफलँगची खूण (कोणत्या भाषेतील आवृत्ती कोणत्या पत्त्यावर आहे, हे शोधयंत्राला सांगणारी) अशा पानांवर लावणे म्हणजे इंग्रजी मजकूर मराठी असल्याचे सांगणे, आणि ते मला मुळातच चुकीचे वाटते. (लँग गुणधर्म शोधासाठी निरुपयोगी असला, तरी स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी तो अत्यावश्यक आहे. मराठी पानातल्या इंग्रजी लेखाच्या भागावर इंग्रजीची खूण नसेल, तर तो मजकूर मराठी उच्चारांनी वाचला जाऊ शकतो. हे काम आम्ही लगेच हाती घेत आहोत.)

ही पाने सरसकट काढून टाकावीत असे मला वाटत नाही. मराठी विभागात वाचत असलेल्या माणसाला ‘पान सापडले नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘भाषांतर अजून झालेले नाही’ अशी सूचना देऊन इंग्रजी लेख दाखवणे अधिक न्याय्य आहे. इंग्रजी पत्त्याकडे तात्पुरते रीडायरेक्ट केले, तर त्याचा मेनू बदलतो आणि तो आपल्या भाषेच्या विभागातून बाहेर फेकला जातो. नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नये, अशी खूण) लावल्यास पान शोधातून निश्चितपणे जाते, परंतु पुढे भाषांतर पूर्ण होईपर्यंत बॉटच्या (पाने वाचत फिरणाऱ्या गुगलच्या प्रोग्रामच्या) फेऱ्या विरळ झालेल्या असतील, ही मला धास्ती आहे. रोबोट्स फाइलमधून (बॉटने कोणती पाने वाचू नयेत हे सांगणारी फाइल) अडवणे तर बादच, कारण मग बॉटला पानावरची कोणतीच खूण वाचता येत नाही.

म्हणून माझा कल असा आहे, की भाषांतर होईपर्यंत अशा पानाचे कॅनॉनिकल इंग्रजी पत्त्याकडे ठेवावे आणि तो पत्ता एचरेफलँग व साइटमॅप (शोधयंत्रासाठी ठेवलेली पत्त्यांची यादी) या दोन्हींतून वगळावा. भाषांतर प्रकाशित होताच कॅनॉनिकल त्या पानाकडेच वळवून, तिन्ही आवृत्त्यांत परस्परांचे एचरेफलँग दुवे जोडावेत. परंतु कॅनॉनिकल ही गुगलसाठी आज्ञा नसून केवळ सूचना आहे, आणि इथे तर त्याने आधीच उलटी निवड केलेली आहे.

ज्यांनी अशी व्यवस्था प्रत्यक्ष राबवली आहे, त्यांनी कृपया सांगावे: गुगलने एकदा चुकीचा पत्ता निवडल्यावर केवळ कॅनॉनिकल बदलून निवड पालटली का, की काही काळ नोइंडेक्सच लावावे लागले? तसेच शीर्षक आणि सारांश मराठीत, पण लेखाचा बाकी भाग इंग्रजीत, अशी अर्धवट पाने आमच्याकडे बरीच आहेत; ती शोधात खुली करण्याची रेषा आपण कुठे आखता?