कळसूबाईला पहाटे चढायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही पाच जण, पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला. गेले तीन आठवडे नुसती सबमिशन्स, रात्री दोनपर्यंत होस्टेलच्या जिन्यात बसून जर्नल लिहायचं आणि सकाळी बोटांना शाई तशीच घेऊन व्हायवाला जायचं असं चाललंय. पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या सह्या होतील, मग रविवारी कळसूबाईवर सूर्योदय बघायचाच असं ठरलंय, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, इतकी वर्षं नुसतं भूगोलाच्या पुस्तकात वाचलंय.

प्लॅन असा की शिवाजीनगरहून नाशिकच्या एसटीने संगमनेर, तिथून अकोले, राजूर करत शनिवारी संध्याकाळपर्यंत बारी गावात पोचायचं, गावातच कुणाकडे तरी जेवून झोपायचं आणि तीनला चढायला लागायचं. तर राजूरहून बारीला शेवटची गाडी किती वाजता असते, की जीपच बघावी लागते?

दुसरं म्हणजे आमच्यातल्या एकीला दम्याचा त्रास आहे, थंडीत जास्तच होतो. डॉक्टरांना विचारून, पंप घेऊनच येणार आहे ती, पण तिला मागे ठेवून जायचं नाही हे आमचं पक्कं आहे. लोखंडी शिड्या दवाने ओल्या असतात का, अंधारात चढाव्यात की उजाडल्यावर? डिसेंबरात वर वारा कितपत असतो, स्वेटर-कानटोपीवर भागेल का? कुणी दम्यासह चढलं असेल तर प्लीज नक्की सांगा, गरज पडली तर सूर्योदय सोडून देऊ.