हॉकेन रायफलच्या प्रतिकृतीचे नवेपण कसे घालवावे?

प्रश्न (ओहायोकर): हॉकेन घडणीची (जुन्या अमेरिकी डोंगरी रायफलीच्या धर्तीची), ५० कॅलिबरची (अर्धा इंच व्यासाच्या नळीची), टोपीची म्हणजे स्फोटक टोपीने बार पेटवणारी रायफल मी जुन्या बाजारातून घेतली आहे. अक्रोडाच्या दस्त्यावर काचेसारखे वार्निश आहे, नळी निळसर काळी आहे आणि पितळी साज (दस्त्यावरच्या धातूच्या पट्ट्या वगैरे) तर समईसारखा झळाळतो. १८४० च्या सुमारास रॉकी पर्वतात वापरलेल्या बंदुकीसारखी ती दिसावी, यासाठी सुरुवात कोठून करावी?

उत्तर (सुतारपक्षी): आधी नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री करावी, कारण ठासणीच्या बंदुकीत जुना बार वर्षानुवर्षे पडून राहिलेला असू शकतो. वार्निश द्रावकाने उतरवावे. पॉलिशपेपर फिरवताना दस्त्याच्या टोकाची व कळीची (बार उडवणाऱ्या यंत्रणेची) धातूची पट्टी जागीच राहू द्यावी. ती काढून लाकूड घासले, तर कडा झिजतात आणि पट्टी परत बसवल्यावर धातू लाकडाच्या वर डोकावतो. नवशिक्याचे काम येथेच ओळखू येते. त्यानंतर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात द्यावेत व प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेतात.

उत्तर (गंजप्रेमी): नळीचा निळा थर व्हिनेगरने निघतो. मग तिचा तेलकटपणा पूर्ण घालवून, दोन्ही तोंडे बंद करून, तपकिरी गंज आणणारे द्रावण लावावे, दमट जागी ठेवावे, सुटा गंज घासून काढावा आणि रंग एकसारखा येईपर्यंत हेच पुन्हा करावे. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तेल लावावे. सोडा विसरल्यास गंज थांबत नाही. नळीवरील चाचणीचे (नळीची मजबुती तपासल्याचे) ठसे मात्र घासू नयेत.

उत्तर (जुनापुराणा): पितळ अमोनियाच्या वाफेने काळवंडेल, पण खरी अडचण रंगाची नाही. सेंट लुईसच्या जेकब व सॅम्युएल हॉकेन बंधूंच्या डोंगरी रायफलींचा साज बहुधा साधा, लोखंडी असे. पितळी साज पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफलींना शोभतो. त्यामुळे पितळ जुने दिसले तरी बंदूक हॉकेनसारखी दिसणार नाही. बदलायचाच असेल, तर साज लोखंडी घ्यावा आणि तो नळीबरोबरच तपकिरी करावा. खोट्या ओरखड्यांच्या व ठोकरांच्या नादी मात्र लागू नये. ते वापराने आपोआप पडतात.

ओहायोकर: आभारी आहे. गज घालून पाहिला, नळी रिकामी आहे. या हिवाळ्यात दस्ता करतो. लोखंडी साज मिळेपर्यंत नळीला हात लावणार नाही.