'बंडाच्या वर्साचा' म्हणजे नेमका कुठल्या सालचा?

म्हादयकाठचा मास्तर
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईच्या बाजूचा. प्राथमिक शाळेत मराठी शिकवून आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घरात सध्या एका सालावरून भांडण पेटलंय, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आमचे आजोबा १९७१ च्या पावसाळ्यात, ऐन आषाढात वारले. त्यांच्या जन्माची नोंद कुठेच नाही. मरणाच्या दाखल्यावर 'वय अंदाजे ९०' असं आहे. तो अंदाज कारकुनाचा, घरच्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आजी मात्र एकच वाक्य म्हणायची, "ते बंडाच्या वर्साचे. राजाचो भाव बोटीन आयिल्लो, तेन्ना." म्हणजे राजाचा भाऊ बोटीने आला होता, तेव्हा.

आता वास्कोचा चुलतभाऊ घराण्याची पुस्तिका काढतोय. त्याने परस्पर ठरवून टाकलं की बंड १८७१ चं, म्हणजे आजोबांनी शंभरी गाठली. मुखपृष्ठावर 'शतायुषी' असं लिहून मोकळाही झाला. मला काही ते पटत नाही, पण पुरावा नाही. कुठलं बंड असेल हे? आणि साल ठरलंच तर त्या वर्षी आणखी काय काय घडलं तेही सांगा, एक पान मला लिहायचंय.

पेडणेकर
मास्तर, सत्तरीत राहून 'कुठलं बंड' विचारता? इथल्या राणे घराण्याने पोर्तुगिजांविरुद्ध केलेलं बंड एक का होतं? दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला तो १८५२ च्या जानेवारीत. कुष्टोबांचं १८६९ ते ७१. दादा राण्यांचं १८९५ चं. शेवटचं १९१२ चं.

पण राजाचा भाऊ म्हटल्यावर प्रश्नच मिटला. १८९५! त्या वर्षी पोर्तुगिजांची मोझांबिकमध्ये गुंगुन्यान राजाशी लढाई चालली होती. तिकडे गोव्यातली मराठा पलटण पाठवायचा हुकूम निघाला. शिपाई म्हणाले, आम्ही समुद्रापार जाणार नाही. सप्टेंबरच्या मध्यास ते हत्यारांसकट निघाले आणि थेट सत्तरीच्या रानात. राणे त्यांना मिळाले. भाद्रपदाचा वद्य पक्ष होता, म्हणजे ऐन म्हाळाचे दिवस. घरोघरी पितरांची पानं मांडलेली आणि दारात बंदुका घेतलेले शिपाई, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं.

हे मोडायला लिस्बनहून फौज आली, तिच्याबरोबर राजा कार्लुशचा धाकटा भाऊ आफोंसो. पुढे त्यालाच इथला व्हाइसरॉय केलं. म्हातारपणी हा माणूस लिस्बनच्या रस्त्यांवर मोटार उधळायचा आणि लोकांना 'आरेदा!', म्हणजे 'बाजूला व्हा!' असं ओरडायचा. लोकांनी त्याचं नावच 'आरेदा' पाडलं. सत्तरीवाल्यांना मात्र त्याला बाजूला व्हा म्हणता आलं नाही.

फोंड्याची पंचांगवाली
पेडणेकर, म्हातारपणी नव्हे हो. आफोंसो पंचावन्नाव्या वर्षीच गेला, १९२० मध्ये.

आणि दुसरं, राजाचा भाऊ दोनदा आलाय. १८७१ मध्ये गोव्यातल्या सैन्याने उठाव केला, तेव्हा लुईश राजाचा भाऊ आवगुश्तु फौजेबरोबर आला होता. त्याच उठावानंतर गोव्याचं जुनं सैन्य बरखास्त झालं. आवगुश्तु हा आफोंसोचा सख्खा चुलता. तेव्हा आजीच्या वाक्यात दोन्ही सालं बसतात, चुलतभावाला अगदीच खोडून काढू नका.

मास्तर, तुमच्या वडिलांचा जन्म कधीचा? आणि आजोबांची पत्रिका, टिपण, काहीही आहे का? साल नसलं तरी चालेल. संवत्सराचं नाव हवं.

म्हादयकाठचा मास्तर
वडील १९२८ चे, भावंडांत दुसरे. थोरली आत्या १९२४ ची.

पत्रिका आहे म्हणायची आणि नाही म्हणायची. काल माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आत पत्रिकेची गुंडाळी होती, पण वाळवीने डावी बाजू वरपासून खालपर्यंत खाल्लेली. उलगडताना मांडीवर भुगा पडला. पहिल्या ओळीत शक गेला, संवत्सराचं नाव गेलं. उरलंय ते असं:

'...थनाम संवत्सरे दक्षिणायने हेमंतऋतौ मार्ग... कृष्णपक्षे...'

यातून काय निघणार?

फोंड्याची पंचांगवाली
अहो, सगळं निघालं! साठ संवत्सरांत 'थ'ने संपणारं नाव एकच आहे, मन्मथ. प्रमाथी आहे, पण तिथे 'थी' हवी. वाळवीने नेमकं अक्षर शिल्लक ठेवलंय, तिला नैवेद्य दाखवा.

मन्मथ म्हणजे शके १८१७, इसवी १८९५ चा पाडवा ते १८९६ चा पाडवा. हे नाव साठ वर्षांनी फिरून येतं, त्यामुळे आधीचं मन्मथ १८३५ चं आणि नंतरचं १९५५ चं. दोन्ही तुमच्या कामाची नाहीत. शके १७९३, म्हणजे १८७१, तो प्रजापती. तिथे 'थ' येत नाही. गंमत बघा, १८५२ च्या पाडव्याला परिधावी लागला आणि १९१२ च्या पाडव्यालाही परिधावीच. वाळवीने 'वी' ठेवली असती तर आपण अजून भांडत बसलो असतो.

मार्गशीर्ष कृष्णपक्ष म्हणजे त्या वर्षी डिसेंबरचा पहिला पंधरवडा. आणि १८७१ धरलं असतं तर तुमचे वडील आजोबांच्या सत्तावन्नाव्या वर्षी झाले असते. अशक्य नाही, पण आजीच्या बाजूने जरा विचार करा.

कुडचड्याचा वाचक
साल ठरलं, आता पानाला मजकूर घ्या. त्या जूनच्या १७ ला पुण्यात आगरकर गेले, ११ सप्टेंबरला गागोद्यात विनोबा जन्मले. म्हणजे विनोबा तुमच्या आजोबांहून तीनेक महिन्यांनी मोठे. नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेनला क्ष-किरण सापडले. डिसेंबरअखेर पुण्यात काँग्रेस भरली, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरू द्यायची की नाही, यावरून पुणेकरांनी आधी भरपूर भांडून घेतलं होतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते २८ डिसेंबरचं. त्या एकाच दिवशी पॅरिसात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिल्यांदा चित्रपट दाखवला आणि मोझांबिकमध्ये शायमित गावी गुंगुन्यान पकडला गेला. ज्याच्याशी लढायला आपले शिपाई गेले नाहीत, तोच. तेव्हा तुमचे आजोबा पाळण्यात, महिन्याचेसुद्धा नसतील. पुढे त्या राजाला आसोरेस बेटांवर नेऊन ठेवलं, १९०६ मध्ये तिथेच मेला.

पेडणेकर
आणि चौपाटीवर तळपद्यांनी विमान उडवलं ते राहिलं! तेही १८९५ च.

कुडचड्याचा वाचक
ते मुद्दाम वगळलं. त्या उड्डाणाला त्या वेळचा धड पुरावा नाही. मास्तरांचं पान वाळवी खाईल तेव्हा खाईल, आपण आधीच भोकं पाडू नयेत.

म्हादयकाठचा मास्तर
मंडळी, उपकार झाले. काल रात्री चुलतभावाला फोन केला. मन्मथ, प्रजापती, आवगुश्तु, सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मुखपृष्ठं छापून झाली आहेत. दोनशे."

मी म्हटलं, चिकटपट्टी लाव. त्याने हिशेब केला. डिसेंबर १८९५ ते आषाढ १९७१, म्हणजे पंच्याहत्तर पूर्ण. "मग अमृतमहोत्सवी लिहू?" म्हणाला. लिही म्हटलं. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणते, "शंभर कोणे म्हणलें? वारले तेन्ना बाबाचे सगळे दांत आसले."