संडेस्कूलच्या टीचरना बालसुरक्षेचं ट्रेनिंग सक्तीचं करावं का?

संडेस्कूलची टीचर
सलाम सगळ्यांना. मी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) ११ वर्षं संडेस्कूल, म्हणजे रविवारचा मुलांचा बायबलचा वर्ग, घेतेय. मागच्या महिन्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीला अर्ज दिला की मे महिन्याच्या व्हीबीएसआधी (सुट्टीतल्या मुलांच्या बायबल शाळेआधी) सगळ्या टीचर आणि तरुणसंघाच्या लीडरना एक दिवसाचं बालसुरक्षेचं ट्रेनिंग द्या, मोठ्या माणसाने एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत बसायचं नाही असा नियम करा, आणि वेस्ट्रीच्या (चर्चला लागून असलेल्या छोट्या खोलीच्या) दाराला काच बसवा. काच मंजूर झाली, बाकीचं 'पुढच्या मीटिंगला बघू'. म्हणे आपली मंडळी म्हणजे कुटुंब, घरात कोण असे नियम लावतं.

का मागितलं ते सांगते. व्हीबीएसमध्ये वचन पाठांतर घ्यायला आम्ही एकेका मुलाला वेस्ट्रीत नेतो, बाहेर अॅक्शन साँगचा एवढा गलका असतो की लेकराला पाठ असलेलंसुद्धा आठवत नाही, म्हणून दार लावून कडी घालायची. मीच घालायचे. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या दहा मिनिटांत आत काय चाललंय ते बाहेरच्या एकालाही दिसत नव्हतं, आणि हे मला इतकी वर्षं खटकलंच नाही याचं आता फार वाईट वाटतं. तुमच्याकडे काय पद्धत आहे? सक्ती असावी का?

गावाकडचा पंच
ताई, तळमळ समजते पण सक्तीला माझा विरोध आहे. आमच्याकडे २५ पोरं आणि टीचर एकच, तीही दिवसभर शेतात राबून रविवारी येते. दोन मोठी माणसं पाहिजेत म्हटलं तर संडेस्कूल बंदच करावं लागेल. त्यात वर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणा म्हणालात तर ती माऊली म्हणेल, माझ्यावर संशय घेता होय, आणि उद्यापासून यायची नाही. टीचर मिळवायला किती हातापाया पडावं लागतं ते आम्हाला विचारा.

संडेस्कूलची टीचर
दादा, तुमची शाळा भरते कुठे? चर्चमागे कडुलिंबाखाली भरत असेल तर ती माझ्या वेस्ट्रीपेक्षा सुरक्षित आहे, येणाराजाणारा बघतोच की. दोन माणसं हा हट्ट नाही, मूल कुणाबरोबर एकटं आणि नजरेआड राहू नये एवढंच. आणि हे टीचरच्यासुद्धा भल्याचं आहे, उद्या कुणी खोटं बोट दाखवलं तर तिच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं ना.

तरुणसंघ लीडर
मी दुसरी बाजू सांगतो. १५-१६ वर्षांची पोरं दोन मोठ्या माणसांसमोर तोंड उघडत नाहीत. गेल्या वर्षी एका मुलाने रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅप केला, प्रिलिमला तीन विषय गेलेत, घरी सांगू शकत नाही, जगावंसं वाटत नाही. मी दीड तास त्याच्याशी बोललो. लीडरने मुलांना खासगी मेसेज करायचा नाही असा नियम असता तर मी काय केलं असतं? आणि उद्या 'मुलांना स्पर्श करू नका' असा नियम आणलात तर तोही मला पटणार नाही, पाच वर्षांचं पोर आईसाठी रडतंय तर त्याला उचलून घ्यायचं नाही का? नियम करता करता माया आटली तर मुलं येतील कशाला?

वसईची आई
भाऊ, तुम्ही बोललात ते चांगलंच केलंत, पण त्या रात्री आणखी कुणाला कळवलं होतं? मुलाच्या जिवाचा प्रश्न असताना ते ओझं तुम्ही एकट्याने वाहायचं नसतं, ट्रेनिंगमध्ये हेच तर शिकवायला हवं, की ऐकून घ्या पण 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. रडणाऱ्या पोराला खुशाल उचला, सगळ्यांसमोर उचला. मला कॅरलची (नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरण्याची) जास्त काळजी वाटते, डिसेंबरात रात्री एक-दीडपर्यंत पोरी टेम्पोत, मग कोण कुणाला बाइकवर घरी सोडतं याचा हिशोब कुणीच ठेवत नाही.

वडीलधारा
मंडळीतल्या गोष्टी मंडळीत मिटाव्यात. बायबलात मत्तय १८:१५ स्पष्ट सांगतं, भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याची समजूत घाल. पोलिसात गेलं की दोन्ही घरं उद्ध्वस्त होतात आणि प्रभूच्या नावाला बट्टा लागतो.

नगरचा वकील
काका, आदर ठेवून सांगतो, त्याच अध्यायाचं ६ वं वचन आधी येतं. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, असं प्रभू म्हणतो. १५ वं वचन भावाभावांमधलं आहे, आठ वर्षांच्या मुलीने गुन्हेगाराची एकांतात समजूत घालायची असा त्याचा अर्थ होत नाही. आणि कायदाही ही मुभा देत नाही. पोक्सो २०१२, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तर कुणीही असो, पोलिसांना कळवायचंच. पाळक (पाद्री), पंच, टीचर कुणाला सूट नाही. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेचं प्रकरण झालं तेव्हा वेळेत न कळवल्याबद्दल शाळेच्या जबाबदार मंडळींवरही गुन्हा नोंदवला होता, तेव्हा हे फक्त कागदावर नाही.

नाव नको
मी बारा वर्षांचा होतो, एका शिबिरात. करणारा सगळ्यांचा लाडका होता, गाणी छान शिकवायचा. घरी आलो तर मला सांगायला शब्दच नव्हते, कुणी शिकवलेच नव्हते. आज ४१ चा आहे. पोलिसाच्या दाखल्याने तो अडला नसता कारण त्याच्यावर केसच नव्हती. पण शिबिरात दुसऱ्या कुणी मोठ्याने विचारलं असतं की हा पोरगा दोन दिवस जेवला का नाही, तर मी बोललो असतो असं मला वाटतं. शिकवायचं असेल तर मोठ्यांना हे बघायला शिकवा.

तरुणसंघ लीडर
भाऊ, तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार. खासगी मेसेजबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण त्या रात्री मी कुणालाच कळवलं नव्हतं हे खरं. चार दिवसांनी त्याच्या आईला कळलं, तेही दुसऱ्याकडून.

गावाकडचा पंच
कलम १९ चं आमच्या कमिटीत कुणालाही माहीत नाही, मलाही आजच कळलं. दाखल्याला माझा विरोध कायम आहे, दाखल्याने तो माणूस अडला नसता असं वर त्या भावानेही म्हटलंय. पण ट्रेनिंग घेऊ. रविवारी उपासना साडेबाराला सुटते, त्यानंतर तीन तास मिळतील, जेवण आम्ही करू. मराठीतून शिकवणारं कुणी आहे का ते सांगा, इंग्रजी आमच्या टीचरला समजणार नाही.