आई ७९ वर्षांची आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया लगेच करावी की थांबावे?

प्रश्न:
आम्ही दादरला राहतो. परवा रात्री आईच्या पोटात उजव्या बरगडीखाली दुखू लागले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आणि सूज आढळली. तिला मधुमेह आहे, पण ती रोज शिवाजी पार्कला फेरी मारते आणि स्वयंपाकही स्वतः करते. सर्जन उद्याच दुर्बिणीने शस्त्रक्रिया करावी म्हणतात. मामांचे म्हणणे असे, की या वयात भूल सोसणार नाही, म्हणून औषधांनी सूज उतरवून दीड महिन्याने पाहावे. कोणाचे ऐकावे?

उत्तर (शल्यचिकित्सक, ठाणे):
अंतिम निर्णय आईंना प्रत्यक्ष तपासणाऱ्यांचाच. तरीही मामा सांगतात ती एके काळची रूढ पद्धत होती, हे आधी सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत पित्ताशय सुजलेले असले तरी भोवतालच्या भागापासून सोडवता येते. पुढे ते घट्ट चिकटते आणि पोट उघडावे लागण्याची शक्यता वाढते. जर्मनीतील २०१३च्या अभ्यासात २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये गुंतागुंत ११.८ टक्के, तर थांबलेल्यांमध्ये ३४.४ टक्के होती. २०१८च्या डच अभ्यासात धोका अधिक असलेल्या रुग्णांतही नळी घालून पित्त काढण्यापेक्षा शस्त्रक्रियाच सरस ठरली (अर्थात अत्यवस्थ रुग्ण त्यात नव्हते). केवळ वय हे थांबण्याचे कारण नाही. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि चालण्याफिरण्याची ताकद यांवरून भूलतज्ज्ञ धोका ठरवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आजच सांगा, आणि पित्तनलिकेत खडा आहे का, हेही विचारा.

उत्तर (डोंबिवली):
माझ्या ८२ वर्षांच्या वडिलांसाठी आम्ही थांबलो होतो. पाचव्या आठवड्यात खडा नलिकेत अडकून त्यांना कावीळ झाली, आधी एंडोस्कोपीने तो काढावा लागला आणि मग शस्त्रक्रिया झाली, तोवर ते फार खंगले होते. ते दिवस आठवले की आजही वाईट वाटते. एक मात्र आवर्जून करा: शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना रात्री भ्रम होऊ शकतो, म्हणून चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी ठेवा व ओळखीचे माणूस उशाशी बसवा.

प्रश्नकर्ती:
दोघांचीही मनापासून आभारी आहे. आई हृदयविकाराची गोळी घेते, हे सर्जनना सांगायचे राहून गेले होते. आत्ताच फोन केला. भूलतज्ज्ञ संध्याकाळी तपासणार आहेत, आणि मामांनाही मी सोबत नेणार आहे.