मीटरपासून पार्किंग ६० मीटर लांब: घरचा चार्जर कोणता बसवावा?

कोथरूडकर
आमची कोथरूडमधील इमारत १९९४ सालची असून मीटरची खोली पुढच्या जिन्याखाली, तर माझी पार्किंगची जागा मागच्या कुंपणाला लागून आहे. भिंतीच्या कडेने केबल नेल्यास साधारण ६० मीटर लागते. नुकतीच ३० किलोवॅट-तास बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी घेतली. विक्रेता ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवून देण्यास तयार आहे, मात्र ठरावीक लांबीपुढील केबलचा खर्च आम्हीच करायचा आहे. घरचा मंजूर भार ५ किलोवॅट, विजेचा वापर महिन्याला २८० युनिटांच्या आसपास आणि रोजचे जाणे-येणे ४० किलोमीटर आहे. सोसायटीच्या समितीतील काहींना आगीची धास्ती वाटते. एवढा मोठा चार्जर खरोखरच लागेल का, आणि त्यासाठी वेगळा मीटर घ्यावा का?

जुना वायरमन
आधी गरज मोजा. ही गाडी एका युनिटला सात किलोमीटर जाते असे धरले, तर ४० किलोमीटरला सहा युनिटांहून थोडी कमी वीज लागते. चार्जिंगमधील घट धरूनही ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर हे काम दोन तासांत होते, आणि रात्रभर तर गाडी उभीच असते. ७.२ किलोवॅट घ्यायचे म्हणजे ३२ अँपिअरचा प्रवाह तासन्‌तास वाहणार, आणि तुमच्या ५ किलोवॅटच्या मंजूर भारात तो बसतच नाही. त्यात ६० मीटर अंतर. सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घातली, तरी जाऊन-येऊन १२० मीटर तारेत जवळजवळ १३ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतील. म्हणजे दहा चौरस मिलिमीटरची जाड केबल आली, आणि पैसे तिथेच जातात. साध्या चार्जरच्या १५ अँपिअरला मात्र तीच सहाची केबल सहा व्होल्टांत भागवते.

केबल आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेली, घ्या आणि मीटरपासून थेट स्वतंत्र ओढा. पार्किंगमधल्या दिव्याच्या पॉइंटवरून फाटा काढू नका. साधे घरगुती सॉकेटही लावू नका, कारण ते थोडा वेळ गीझर सोसते, पण रोजचे चार्जिंग सोसेलच असे नाही. पिना सैल झालेल्या सॉकेटचे प्लॅस्टिक पिवळे पडून वितळलेले मी स्वतः उपसून काढले आहे. निळे इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच हवा, तोही टाइप ए प्रकारचा. चार्जरमध्ये डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, हे कागदावर पाहून घ्या. नसेल तर ती गळतीही ओळखणारा टाइप बी लागेल आणि तो बराच महाग पडतो.

माजी सचिव
वायरिंगचे वर दिलेच आहे, मी समितीपुरते लिहितो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या आहे त्याच वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते, आणि महाराष्ट्रात त्यासाठी राहत्या जागेचाच दर लागतो. त्यामुळे वेगळा मीटर सक्तीचा नाही. मात्र अर्ज तोंडी करू नका. केबलचा मार्ग दाखवणारा नकाशा, परवानाधारक ठेकेदाराचे पत्र आणि खर्च व दुरुस्ती स्वतः करण्याची हमी, एवढे जोडले की हरकत घेणाऱ्याला नेमके कशाला ते सांगावे लागते. आगीची भीती खोटी नाही. पण ती वाईट जोडकामाची आहे, आणि तसे जोडकाम आपल्या इमारतीतील गीझरलाही असू शकते.

बिलाबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकतो. महिन्याला १,२०० किलोमीटरला सुमारे १९० युनिटे वाढतील आणि तुम्ही ३०० युनिटांच्या पुढे, वरच्या दराच्या टप्प्यात जाल हे खरे. परंतु वरच्या टप्प्याचा दर फक्त ३०० वरील युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नाही.

जुना वायरमन
अर्थिंगचे राहिलेच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून पाहा. तीन-चार व्होल्टांच्या पुढे आकडा गेला, तर कित्येक चार्जर लाल दिवा लावून चालूच होत नाहीत, आणि लोक चार्जरलाच नावे ठेवतात. आपल्याकडे दोन-चार फुटांवर काळा पाषाण लागतो, त्यामुळे अर्थिंगचा जुना खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडून अर्थ जवळपास नावापुरताच उरतो. 

कोथरूडकर
आज दुपारी ठेकेदाराबरोबर मोजले. मीटरच्या खोलीत २ व्होल्ट, पण पार्किंगमधील जुन्या सॉकेटवर तब्बल १४. अर्थिंगची पट्टी उकरली, तर ती कुंपणापाशी गंजून तुटलेली निघाली. आता मागच्या बाजूला ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती घालून नवा अर्थिंगचा खड्डा करून घेणार आहे. चार्जर ३.३ चाच, केबल सहाचीच. अर्ज नकाशासह समितीकडे गेला आहे. गीझर आणि एसी चालू असताना गाडी लावली तर भार पाच किलोवॅटच्या वर जातो, म्हणून गाडी रात्री अकरानंतरच लावायची आणि तेव्हा गीझर बंद ठेवायचा, असे घरात ठरवले आहे.